दुखापतीचे भाकीत आणि दुखापतीला आळा

खेळाडूंच्या दुखापतींचा विचार करताना दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळतात. अमुक एका खेळाडूला येत्या हंगामात दुखापत होईल की नाही हे आधी सांगता येईल का, हा पहिला; आणि खेळाडूंच्या एखाद्या समूहात होणाऱ्या एकूण दुखापती कमी करता येतील का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून असावे असे वरवर पाहता वाटते, कारण धोका कोणाला आहे हेच ठाऊक नसेल तर वाचवायचे कोणाला, ही शंका साहजिक आहे. हंगामापूर्वीच्या चाचण्या, अंगावर बांधायचे संवेदक आणि संगणकीय प्रणाली यांवर व्यावसायिक संघ जो पैसा ओततात, तो बहुतांशी याच समजुतीपोटी. गेल्या सुमारे तीस वर्षांतील संशोधनाचा कौल मात्र वेगळा आहे: एकेका व्यक्तीविषयीचे भाकीत आजही जवळजवळ अशक्य आहे, आणि तरीही काही प्रकारच्या दुखापती निम्म्यापर्यंत खाली आणणारे उपाय हाताशी आहेत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हा या प्रकरणाचा विषय आहे.

या अभ्यासाला शिस्त लावण्याचे श्रेय नेदरलँड्सचे संशोधक विलेम व्हान मेकेलेन यांच्याकडे जाते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये प्रतिबंधाचा जो चार पायऱ्यांचा क्रम मांडला, तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. प्रथम दुखापती किती होतात व किती गंभीर असतात याची नोंद करायची, नंतर त्यांची कारणे आणि घडण्याची रीत शोधायची, मग उपाय योजायचा आणि शेवटी पहिल्या पायरीवर परत येऊन दुखापती खरोखर कमी झाल्या का हे मोजायचे. हा क्रम साधा दिसत असला तरी त्यातील पहिलीच पायरी कठीण आहे, कारण ‘दुखापत’ कशाला म्हणायचे यावरच एकमत नसेल तर दोन देशांचे किंवा दोन हंगामांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ उरत नाही. दुखणे अंगावर काढून खेळत राहिलेला खेळाडू मोजायचा, की ज्याचा एखादा सामना चुकला त्यालाच मोजायचे? अशा व्याख्या आणि नोंदीच्या पद्धती आंतरराष्ट्रीय सहमतीने प्रसिद्ध करण्याच्या कामात क्रिकेटने पुढाकार घेतला आणि २००५मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, ही भारतीय वाचकाने लक्षात ठेवावी अशी बाब आहे.

दुसरी पायरी कारणांची. कॅनडातील संशोधक विलेम मीविस यांनी १९९४मध्ये दाखवून दिले की दुखापतीला एकच एक कारण क्वचितच असते. वय, आधीची दुखापत, स्नायूंची ताकद किंवा शरीराची ठेवण हे खेळाडूच्या अंगचे घटक असतात. मैदानाचा पृष्ठभाग, बूट, हवामान आणि प्रतिस्पर्धी हे बाहेरचे घटक असतात. या दोहोंच्या मेळातून एखादा खेळाडू दुखापतीला पात्र होतो, आणि तरीही प्रत्यक्ष दुखापत होण्यासाठी एखादी नेमकी घटना, म्हणजे तोल जाऊन पडणे, अचानक वळणे किंवा धडक, घडावी लागते. पुढे २००७मध्ये त्यांनी आपल्या मांडणीत महत्त्वाची भर घातली. खेळाडू प्रत्येक सराव आणि सामन्यातून थोडा बदलून बाहेर पडतो. कधी तो अधिक बळकट होतो, तर कधी थकव्याने किंवा किरकोळ दुखण्याने दुबळा होतो, त्यामुळे जुलैमध्ये मोजलेला खेळाडू जानेवारीत तोच राहत नाही. हंगामाच्या आरंभी एकदा तपासणी करून वर्षभराचे भविष्य सांगण्याचा प्रयत्न का फसतो, याचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

उरलेले अर्धे उत्तर संख्याशास्त्रात आहे, आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे. गुडघ्यातील पुढचा क्रूसाकृती अस्थिबंध, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ या नावाने ओळखतात, तुटला तर खेळाडू साधारणतः नऊ महिने ते वर्षभर मैदानाबाहेर राहतो. मुलींमध्ये, विशेषतः उड्या आणि वळणे असलेल्या खेळांत, याचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच जास्त असते. अमेरिकेतील टिमोथी ह्यूएट यांच्या गटाने २००५मध्ये फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळणाऱ्या २०५ मुलींना पेटीवरून खाली उडी मारून लगेच वर उडी घ्यायला लावली व त्यांच्या हालचालींचे मोजमाप केले. पुढे ज्या ९ मुलींचा हा अस्थिबंध तुटला, त्यांचे गुडघे जमिनीवर टेकताना इतरांपेक्षा अधिक आत झुकत होते. या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण केली आणि ही चाचणी जगभर वापरली जाऊ लागली. त्यानंतर नॉर्वेमध्ये तब्बल ७१० महिला हँडबॉल व फुटबॉलपटूंवर हीच चाचणी करून त्यांचा पाठपुरावा केला गेला. धडक न होता अस्थिबंध तुटल्याच्या ४२ घटना घडल्या, पण २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुखापत कोणाला होईल हे त्या चाचणीतून ओळखता आले नाही. पहिला अभ्यास खोटा नव्हता. नऊ जणींच्या आधारावर उभा राहिलेला फरक मोठ्या समूहात टिकला नाही, इतकाच याचा अर्थ.

फरक टिकला तरीही अडचण संपत नाही, हे एका काल्पनिक हिशेबावरून दिसेल. समजा १००० खेळाडू आहेत आणि त्यांतील २०० जणांना हंगामात एक विशिष्ट दुखापत होणार आहे. उपलब्ध चाचणी अशी आहे की दुखापत होणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना ती ‘धोक्यात’ ठरवते आणि न होणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना ‘सुरक्षित’ ठरवते. म्हणजे दुखापत होणारे १२० आणि न होणारे ३२०, असे ४४० खेळाडू धोक्याच्या यादीत जातील. यादीतील सुमारे २७ टक्क्यांना दुखापत होईल, तर सुरक्षित ठरलेल्या ५६० जणांपैकी ८० जणांना, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांना. यादीतल्यांचा धोका जवळजवळ दुप्पट आहे, आणि एवढा फरक शोधनिबंधात ‘लक्षणीय’ म्हणून दिमाखात छापला जाईल. पण प्रशिक्षकाच्या हाती काय पडते? यादीतील दर चार खेळाडूंपैकी जवळजवळ तिघांना उगाच भीती घातली जाते, आणि ज्यांना दुखापत होणार होती त्यांतील ८० जण ‘सुरक्षित’ असा शिक्का घेऊन मैदानात उतरतात. समूहांमधील सरासरीचा फरक आणि व्यक्तीविषयीचे भाकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रीडावैद्यकातील कितीतरी गोंधळ त्यांना एक समजल्याने झाला आहे.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. कतारमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मांडीच्या स्नायूंची ताकद, पायाची हालचाल ठरावीक वेगानेच होऊ देणाऱ्या यंत्रावर, चार हंगाम मोजण्यात आली. ६१४ खेळाडूंमध्ये मांडीच्या मागील स्नायूंच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या, १९० दुखापती झाल्या. ताकदीतील काही उणिवांचा दुखापतीशी संबंध आढळला खरा, पण तो इतका क्षीण होता की दुखापत झालेल्यांचे आणि न झालेल्यांचे आकडे जवळजवळ पूर्णपणे एकमेकांवर पडत होते. हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, २०१६मध्ये, ऑस्लो येथील क्रीडा-दुखापत संशोधन केंद्राचे प्रमुख रोआल्ड बार यांनी एक परखड लेख लिहिला. दुखापतीचे भाकीत करणाऱ्या चाळणी-चाचण्या उपयोगी ठरत नाहीत आणि बहुधा कधीच ठरणार नाहीत, असे त्यांनी थेट शीर्षकातच म्हटले. त्यांचा निकष कठोर असला तरी न्याय्य आहे: चाचणीचा दुखापतीशी संबंध असावा, तो वेगळ्या समूहात पुन्हा दिसावा, आणि चाचणीने निवडलेल्यांनाच उपाय देणे हे सर्वांना उपाय देण्यापेक्षा अधिक फलदायी असल्याचे सिद्ध व्हावे. या तिसऱ्या कसोटीवर उतरलेली एकही चाचणी त्यांना सापडली नाही.

येथे क्रीडाक्षेत्राबाहेरचा एक विचार उपयोगी पडतो. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५मध्ये हृदयरोगाच्या संदर्भात असे दाखवले की अतिधोक्यातील मूठभर माणसांपेक्षा किंचित धोक्यातील असंख्य माणसांमधूनच रोगी अधिक संख्येने येतात, म्हणून संपूर्ण समाजाचा धोका थोडासा खाली आणणे अनेकदा अधिक हिताचे ठरते. गलगंड टाळण्यासाठी भारतात घरोघरी आयोडीनयुक्त मीठ पोहोचवले गेले, तेव्हा कोणाला गलगंड होणार हे आधी शोधत बसावे लागले नाही. उपाय स्वस्त आणि निर्धोक असेल तर तो सर्वांना देता येतो आणि भाकिताची गरजच उरत नाही.

हॅमस्ट्रिंगच्या बाबतीत असा उपाय उपलब्ध आहे. धावपटूचा पाय हवेतून पुढे झेपावत असताना, टाच जमिनीला लागण्याच्या किंचित आधी, हे स्नायू ताणले जात असतात आणि त्याच क्षणी पुढे फेकल्या जाणाऱ्या पोटरीला लगामही घालत असतात. लांब होत असताना जोर लावण्याची ही क्रिया पूर्ण वेगात पेलली नाही की स्नायू फाटतो. ‘नॉर्डिक’ नावाचा व्यायाम नेमकी हीच क्षमता वाढवतो. खेळाडू गुडघ्यांवर उभा राहतो, सहकारी त्याचे घोटे धरून ठेवतो, आणि खेळाडू पाठ व मांड्या एका रेषेत ठेवून, जमेल तितक्या सावकाश पुढे झुकत जमिनीकडे जातो. यंत्र लागत नाही, मैदानाचा कोपरा पुरतो. डेन्मार्कमध्ये ५० फुटबॉल संघांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करून एका गटाला दहा आठवड्यांचा चढता नॉर्डिक कार्यक्रम देण्यात आला. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार व्यायाम करणाऱ्या ४६१ खेळाडूंमध्ये १५, तर नेहमीचाच सराव करणाऱ्या ४८१ खेळाडूंमध्ये ५२ दुखापती झाल्या. ज्यांना ही दुखापत पूर्वी होऊन गेली होती त्यांना सर्वाधिक लाभ झाला, आणि पूर्वीची दुखापत हाच नव्या दुखापतीचा सर्वांत ठळक जोखीम-घटक असल्याने या तपशिलाला विशेष मोल आहे. पुढे अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हाही दुखापती सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. यांपैकी कोठेही आधी चाचणी घेऊन ‘धोक्यातले’ खेळाडू वेगळे काढलेले नव्हते.

याच धर्तीवर फुटबॉलच्या जागतिक संघटनेने ‘फिफा ११+’ नावाचा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार करवून घेतला, ज्यात धावणे, ताकद, तोल आणि उडीनंतर नीट उतरणे यांचा समावेश आहे. नॉर्वेतील १२५ क्लबांच्या १८९२ किशोरवयीन मुलींवरील चाचणीत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. मात्र ज्या मुख्य निकषासाठी अभ्यास रचला होता, म्हणजे कमरेखालच्या भागाच्या दुखापती, त्यातील घट संख्याशास्त्राच्या काटेकोर मर्यादेच्या किंचित बाहेर राहिली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे इजा एका क्षणात होत नसून साचत जाते. पुढचा पाय आपटताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्यातून वर चढतो आणि त्याच वेळी कमरेचे मणके वाकतात, वळतात व एका बाजूला झुकतात. हजारो चेंडूंनंतर गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, मणक्याच्या मागच्या कमानीत बारीक तडा जातो. या ताणजन्य तड्याला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली १९७३मध्ये याच कारणाने खेळाबाहेर गेला होता, आणि जसप्रीत बुमराच्या २०१९मधील तड्यापासून २०२३मधील पाठीच्या शस्त्रक्रियेपर्यंतचा प्रवास भारतीय वाचकांच्या स्मरणात ताजा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ८२ तरुण वेगवान गोलंदाजांचा एका हंगामात पाठपुरावा झाला तेव्हा सुमारे ११ टक्क्यांच्या मणक्यांत असे तडे आढळले. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने गोलंदाजीची शैली आणि गोलंदाजीचे प्रमाण या दोहोंकडे बोट दाखवले. खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला ठेवणारी ‘मिश्र’ शैली पाठीला पिळते, हा विचार तेव्हापासून प्रशिक्षणात रुजला.

प्रमाणाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन ऑर्चर्ड यांच्या गटाची २००९मधील नोंद फार बोलकी आहे. एका सामन्यात ५० पेक्षा अधिक षटके टाकणाऱ्या वेगवान गोलंदाजांना त्या सामन्यात फारसे काही होत नाही, पण पुढच्या तीन-चार आठवड्यांत त्यांच्या दुखापतीचा धोका दीडपटीहून अधिक होतो. कारण आणि परिणाम यांच्यात महिन्याचे अंतर पडत असल्याने कर्णधार, निवड समिती आणि खुद्द गोलंदाज यांपैकी कोणालाच त्या षटकांची आठवण उरत नाही.

या निरीक्षणातूनच एक गुणोत्तर पुढे आले: गेल्या सात दिवसांचा शारीरिक भार भागिले गेल्या अठ्ठावीस दिवसांची साप्ताहिक सरासरी. हे गुणोत्तर ०.८ ते १.३ या पट्ट्यात असावे आणि १.५ च्या वर गेल्यास धोका वाढतो, असा नियम संशोधक टिम गॅबेट यांच्या लेखनामुळे २०१६च्या सुमारास जगभर पसरला आणि घड्याळे व मोबाइल ॲपमध्येही शिरला. त्यामागची मूळ सूचना, म्हणजे भार एकदम वाढवू नये आणि सातत्याच्या सरावाने शरीर कणखर होते, शहाणपणाची आहे. पण गुणोत्तरावर गंभीर आक्षेप आले: सात दिवस हे अठ्ठावीस दिवसांतच मोजले जात असल्याने अंश आणि छेद स्वतंत्र राहत नाहीत, आणि छेद बदलून कोणताही आकडा घातला तरी तसेच संबंध दिसू शकतात. नॉर्वेतील ४८२ तरुण फुटबॉलपटूंवर प्रत्यक्ष चाचणी झाली तेव्हा या गुणोत्तरानुसार सराव आखणाऱ्या गटाच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत. यंत्र-शिक्षणावर आधारलेल्या प्रणालींनाही हाच अडसर आहे: एका संघात एका हंगामात एकाच प्रकारच्या दुखापती मोजक्याच होतात, आणि इतक्या अल्प उदाहरणांवरून कोणतीही प्रणाली नवा खेळाडू ओळखायला शिकत नाही.

काही वेळा खेळाडूला हातही न लावता इजा टळते. अमेरिकेत सॉफ्टबॉलमध्ये घसरत जाऊन तळ, म्हणजे ‘बेस’, गाठणारे खेळाडू जमिनीत पक्क्या रोवलेल्या तळावर आदळून घोटे मोडून घेत. धक्का लागताच सुटून येणारे तळ बसवल्यावर, साधारण तितक्याच, म्हणजे सहाशेहून अधिक सामन्यांत, ४५ ऐवजी २ दुखापती झाल्याचे संशोधक डेव्हिड जांडा यांनी १९८८मध्ये नोंदवले. न्यूझीलंडने २००१पासून प्रत्येक रग्बी प्रशिक्षकाला आणि पंचाला दरवर्षी सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे केले. पुढच्या पाच वर्षांत स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडतात त्या रचनेत, मणक्याच्या कायमच्या अपंगत्वाच्या जेथे ९ घटना अपेक्षित होत्या तेथे एकच घडली. नोव्हेंबर २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याचा मानेवर चेंडू लागून मृत्यू झाल्यावर हेल्मेटला मानेचे कवच जोडले जाऊ लागले.

असे असूनही दुखापती सर्वत्र घटत का नाहीत, याचे उत्तर निराश करणारे आहे. युरोपातील अव्वल आणि नॉर्वेतील व्यावसायिक अशा ५० फुटबॉल संघांकडे चौकशी झाली तेव्हा संघनिहाय मोजलेल्या १५० हंगामांपैकी केवळ १६ हंगामांत नॉर्डिक कार्यक्रम पूर्णपणे राबवला गेला होता. दरम्यान युरोपातील अव्वल क्लबांत २००१-०२च्या हंगामात एकूण दुखापतींमध्ये हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, तो २०२१-२२पर्यंत २४ टक्क्यांवर गेला. वाढलेले सामने आणि खेळाचा वाढलेला वेग ही कारणे आहेतच, पण सिद्ध झालेला उपाय जगातील सर्वांत श्रीमंत क्लबांतही कागदावरच राहावा, हे खेदजनक आहे. संवेदकांवर खर्च करणाऱ्या संघाने आठवड्यातून काही मिनिटांचा व्यायाम टाळावा, यामागे ज्ञानाची उणीव नाही. प्रशिक्षकाचा वेळ, व्यायामानंतरच्या अंगदुखीची तक्रार आणि उपायाच्या साधेपणाविषयी वाटणारी अनास्था यांची ती किंमत आहे.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर आपल्याकडे अडथळा व्हान मेकेलेन यांच्या पहिल्याच पायरीवर येतो. कबड्डीतील चढाईपटूचा गुडघा पकडीत पिरगळतो, खो-खोतील संरक्षकाला पूर्ण वेगात दिशा बदलावी लागते, पण तालुका-जिल्हा पातळीच्या स्पर्धांत अशा इजांची पद्धतशीर नोंद क्वचितच होते. मुंबईतील शाळकरी वेगवान गोलंदाजाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने दीर्घकाळ लागू ठेवलेल्या नियमांत १३ वर्षांपर्यंतच्या गोलंदाजाला एका टप्प्यात ५ आणि दिवसभरात १० षटकांची मर्यादा होती. हॅरिस किंवा गाइल्स शील्डमध्ये शाळेसाठी, पावसाळ्यात कांगा लीगमध्ये क्लबसाठी आणि मधल्या काळात वयोगटाच्या निवड चाचण्यांत खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत प्रत्येक प्रशिक्षक आपापल्या संघापुरतीच षटके मोजतो, आणि नेटमधील चेंडू तर कोणीच मोजत नाही. ही बेरीज करायला प्रयोगशाळा लागत नाही. पालकांनी किंवा मुलाने स्वतः वहीत तारीख, सामन्यातले व सरावातले चेंडू आणि त्या दिवशी कंबर दुखली की नाही, एवढे लिहिले तरी महिन्याभरात भार कोठे एकदम चढला हे दिसते. वाढीच्या वयात, गोलंदाजी करताना एकाच बाजूला दुखणारी आणि विश्रांतीने काही दिवसांतच तात्पुरती थांबणारी कंबर ही स्नायूंची साधी तक्रार समजून पुन्हा चेंडू हातात देण्याऐवजी, गोलंदाजी थांबवून लगेच डॉक्टरांकडे नेण्याची खूण आहे. तडा आरंभीच्या अवस्थेत सापडला तर काही महिन्यांच्या विश्रांतीने तो पूर्ण सांधण्याची शक्यता चांगली असते. दोन्ही बाजूंना पोहोचलेला जुना तडा मात्र अनेकदा सांधत नाही.